कडी कशात रोवावी

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत जे जुने वाडे अद्याप तग धरून आहेत, ते बांधणाऱ्यांनी आडाची, कोठीघराची, तुळशीवृंदावनाची आणि ऐपत असेल तेथे पागेचीही तजवीज मोठ्या दूरदृष्टीने केली; परंतु तिघा धडधाकट इसमांस मिळून उचलता येईल, लगोलग विकता येईल आणि रात्री उभी करण्यास जिला हक्काची जागा लागेल, अशी एखादी वस्तू आपल्या वंशजांच्या मालकीची होईल हे त्यांच्या ध्यानीमनी येण्याचे काही कारणच नव्हते. त्यामुळे पेठेतला मोटारसायकलस्वार दिवेलागण झाली की आश्रित होतो: कोणी देवडीत, कोणी बोळात, कोणी जिन्याखालच्या अंधारात गाडी लावतो, आणि ज्याचे कोठेच काही चालत नाही तो ती रस्त्याच्या कडेला परमेश्वराच्या हवाली करून निजावयास जातो. मी देवडीवाल्यांपैकी, म्हणजे त्यातल्या त्यात भाग्यवान.

माझी येझदी दिंडीदरवाज्याच्या आत, उजव्या हाताच्या भिंतीस लगटून उभी असे. हँडल डावीकडे वळवून त्याचे कुलूप लावलेले, मागच्या चाकातून व चौकटीतून ओवलेली बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी, तिला उत्तम बनावटीचे जाडजूड कुलूप, आणि ते कुलूप भिंतीत बसविलेल्या भक्कम लोखंडी कडीत अडकविलेले, असा तो एकंदर बंदोबस्त पाहून येणारे-जाणारे थट्टा करीत. गणेशोत्सवाच्या दिवसांत पेठेतील दरवाजे मध्यरात्र उलटेपर्यंत उघडेच असतात. बिऱ्हाडकरूंची ये-जा, पाहुण्यांचा राबता आणि बाहेर ढोलताशांचा गजर अशा त्या गर्दीत परका मनुष्य थेट चौकापर्यंत आला तरी त्यास कोणी हटकत नाही. अशाच एका रात्री गाडी गेली. सकाळी मागे तुटकी साखळी नव्हती, फोडलेले कुलूप नव्हते, कापलेली कडीही नव्हती. भिंतीस वीतभर रुंदीचे भगदाड पडलेले होते, त्याखाली मातीचा व विटांच्या तुकड्यांचा ढीग साचला होता आणि त्या ढिगावर गिलाव्याचा एक मोठा पोपडा, निळसर रंगाची बाजू वर करून, अखंड पडला होता. चोरांनी कुलपाच्या वाटेस जाण्याची तसदी घेतलीच नव्हती. पहार घालून त्यांनी कडीच भिंतीतून उपसली आणि गाडी, साखळी, कुलूप व कडी असा सर्व ऐवज एकत्रच टेंपोत चढविला. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी मला दोनदा विचारले, "पण कुलूप कुठे तोडलं म्हणता?" 'कुलूप तोडून' या शब्दांवाचून चोरीचे वाक्य पुरे कसे करावे, हा त्यांच्यापुढचा पेच मला त्या अवस्थेतही कळत होता.

त्या भगदाडासमोर उभे राहिल्यावर जे उमगले तेच येथे विस्ताराने सांगावयाचे आहे. कुलपांची चर्चा सगळेच करतात, दुकानदार तर करतोच. कुलूप ज्यात अडकवावयाचे त्या आधाराची चौकशी मात्र कोणी करीत नाही. आपल्याकडील वाड्यांचा भार बहुतांशी लाकडी खांब-तुळयांवर असतो आणि मधल्या भिंती वीट-मातीच्या भरावाच्या असतात. बाहेरून चुन्याचा गिलावा कितीही टणक लागला तरी आत रोवलेल्या खुंटीस धरून ठेवण्याचे सामर्थ्य त्या मातीत नसते. खाली असते ते घडीव दगडाचे जोते. 1828 साली शनिवारवाडा जळाला तेव्हा आतील महालांची राख झाली, पण त्यांची जोती आजही जागच्या जागी आहेत. कडी बसवावयाची तर ती अशा दगडात किंवा जमिनीत बसवावी. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनीही आपण शहाणे ठरलो असे समजू नये, कारण सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची भिंत या कामी मातीच्या भिंतीइतकीच कुचकामी असते.

जमिनीतील कडीची रीत अशी. हात-दीड हात खोल खड्डा खणावा, तोंडापेक्षा तळाशी तो अधिक रुंद ठेवावा, म्हणजे आत ओतलेला गोळा वर उपसून निघत नाही. बांधकामाची वीस मिलिमीटर जाडीची सळई वेल्डरकडून कोयंड्याच्या आकारात वाकवून घ्यावी, तिची खालची दोन्ही टोके बाहेरच्या बाजूस मुरडून घ्यावीत आणि एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणाच्या काँक्रीटमध्ये ती अशी बसवावी की साखळी ओवण्यापुरताच बाक वर राहील. त्यावर किमान आठवडाभर पाणी मारावे. गवंडी 'दोन दिवसांत चालेल' म्हणतो, त्याचे ऐकू नये. फरशी फोडणे शक्य नसेल तर पसरणाऱ्या बोल्टांनी बसविण्याची तबकडी मिळते, परंतु तिच्या बोल्टांची डोकी उघडी ठेवल्यास पान्याचे दोन वेढे पुरतात. ती वेल्डिंगने बुजवून टाकावीत. भाड्याच्या जागेत हे काम मालकाच्या लेखी संमतीशिवाय, आणि सोसायटीत कमिटीच्या ठरावाशिवाय, आरंभू नये, कारण चोरापेक्षा शेजाऱ्याशी उद्भवलेला तंटा अधिक काळ टिकतो.

साखळीविषयी एकच कसोटी सांगतो. बोहरी आळीत साध्या लोखंडाची साखळी हवी तितकी लांब तोडून मिळते आणि ती हातात घेतली की वजनाने मनुष्य फसतो. विकत घेण्यापूर्वी तिच्या एखाद्या कडीवर कानस घासून पाहावी: कानस लोखंडात रुतून चकचकीत खाच पडली तर ती साखळी लांब दांड्याच्या कात्रीने क्षणात तुटेल; कानस नुसती घसरत राहिली तर पोलादावर पाणी चढविलेले आहे असे समजावे. चांगली साखळी महाग असते आणि ती महागच घ्यावी. ती चौकट व मागचे चाक या दोहोंतून न्यावी, निव्वळ पुढच्या चाकातून नेऊ नये, कारण आस काढून पुढचे चाक मागे सोडण्यास फार वेळ लागत नाही. आणि ती इतकी ताणून लावावी की कुलूप जमिनीवर टेकणार नाही. जमिनीवर टेकलेले कुलूप हातोड्याखाली ऐरणीवर ठेवल्यासारखे असते, आणि कात्रीचा एक दांडा भुईला टेकवून दुसऱ्यावर सबंध देहाचा भार टाकण्याची सोयही चोरास त्यामुळेच मिळते. हँडलच्या कुलपावर भिस्त ठेवू नये. ते एका हिसक्यात मोडता येते, आणि तिघे उचलणारे असले तर ते मोडावेही लागत नाही.

गाडीवर आच्छादन अवश्य घालावे, कारण झाकलेली गाडी कोणती हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. परंतु ते कापडी असावे. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पावसाळ्यात दमट हवा कोंडते आणि आश्विनात ती उघडावी तो क्रोमवर तांबेऱ्याचे ठिपके पडलेले असतात. दीर्घकाळ गाडी हलणार नसेल तर ती सेंटर स्टँडवर घ्यावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा, बॅटरीची तार सोडवावी आणि वायरी घुशींनी कुरतडल्या नाहीत ना हे मधूनमधून पाहावे.

जिन्याखाली गाडी ठेवणाऱ्यांस मात्र थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती खाली साचते, आणि ज्या वाटेने आगीच्या वेळी वरच्या बिऱ्हाडांनी उतरावयाचे ती वाटच आपण ज्वालाग्राही वस्तूने अडविलेली असते. 2015 च्या जून महिन्यात सिंहगड रस्त्यावरील सोसायट्यांत उभ्या असलेल्या कितीतरी दुचाक्या एका रात्रीत पेटवून दिल्या गेल्या. तशी एखादी गाडी लाकडी जिन्याखाली असती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंग जिन्यात करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ओढ्याकाठच्या रहिवाशांनी 25 सप्टेंबर 2019 ची रात्र विसरू नये: त्या रात्री आंबिल ओढ्याच्या लोंढ्यात वाहने वाहून गेली. ज्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरले असेल ती मेकॅनिकने तपासल्याखेरीज किक मारून पाहण्याचा मोह आवरावा.

माझी गाडी पुढे सापडली, पण कार्ब्युरेटर, बॅटरी, सीट आणि दोन्ही चाके गमावलेल्या स्थितीत, नंबरप्लेटीशिवाय. ती माझीच हे सिद्ध झाले ते चासी क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेल्या एका जुन्या ठशामुळे, जो आर.सी. बुकात घडी घालून राहिला होता. मुद्देमाल म्हणून जमा झालेली ती चौकट न्यायालयात अर्ज करून, सुपूर्तनामा लिहून देऊन घरी आणावी लागली. असा ठसा व गाडीची चारही बाजूंनी घेतलेली छायाचित्रे प्रत्येकाने आजच करून ठेवावीत. चोरी झाल्यास फिर्याद त्याच दिवशी नोंदवावी, विमा कंपनीस व आर.टी.ओ.स लेखी कळवावे, आणि तपास निष्फळ ठरून पोलिसांनी 'अ' समरी पाठविली तर तिची प्रमाणित नक्कल मागून घ्यावी. विमा कंपनी तिच्यावाचून दाव्याचा कागद पुढे सरकवीत नाही.

कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे तो केवळ तृतीय पक्षाचा, आणि त्यात चोरीची भरपाई नसते. वाचकांनी आपली पॉलिसी काढून त्यात चोरीचा समावेश आहे की नाही हे पाहावे, आणि गाडीची दुसरी मूळ किल्ली घरात कोठे आहे तेही शोधून ठेवावे, कारण दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.