आधी कान, मग जीभ



'दुकानातून माल आण' आणि 'दुकानातून माळ आण' ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा. पहिल्या वाक्यात विक्रीच्या वस्तू आणायच्या आहेत, दुसऱ्यात फुलांची किंवा मण्यांची माळ. ल आणि ळ यांतील फरक ऐकू आला नाही, तर भलतीच वस्तू घरी येईल. काल-काळ, वेल-वेळ, गाल-गाळ, मन-मण याही अशाच जोड्या आहेत.

उर्दूत ळ नाही आणि ण साठी वेगळे अक्षर नाही. म्हणून तुम्हांला ळ हा ल सारखा आणि ण हा न सारखा वाटतो. हा तुमच्या कानाचा दोष नाही. क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा. मराठी मुलांना हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात! क़ाफ आणि काफ यांतील फरक तुम्हीही उर्दूच्या तासाला ऐकून ऐकूनच शिकलात.

असे का होते? कॅनडातील संशोधक जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतील त आणि ट यांतील फरक कळत होता. 10 ते 12 महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला. जे आवाज घरात ऐकू येत नाहीत, त्यांच्याकडे कान लक्ष देईनासा होतो.

पण ही सवय बदलता येते. जपानी लोकांना इंग्रजीतील र आणि ल वेगळे ओळखणे फार कठीण जाते. अमेरिकेत काही जपानी विद्यार्थ्यांना 5 वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात अशा शब्दांच्या जोड्या ऐकवल्या. उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना लगेच सांगितले जाई. सुमारे 3 आठवड्यांत त्यांची ओळख सुधारली. हा प्रयोग 1991 साली प्रसिद्ध झाला.

तुम्हीही असेच करा. मित्राला वहीने तोंड झाकून 'वेल' किंवा 'वेळ' म्हणायला सांगा. ऐकलेला शब्द लिहा आणि लगेच ताळा पाहा. एकाच मित्रावर थांबू नका. मराठीचे सर, शेजारच्या काकू, आकाशवाणीवरील बातम्या असे अनेक आवाज ऐका.

कान तयार होऊ लागला की जीभ वळवा. ल म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लागते. ळ म्हणताना ते मागे वळवून टाळूला लावा. उर्दूतील 'घोड़ा' म्हणताना जीभ अशीच वळते. ण साठी 'अंडा' हा शब्द सावकाश म्हणा आणि 'डा' येण्याआधी थांबा. तेथे ण तुमच्या तोंडात आधीपासूनच आहे!

कोणी उच्चाराला हसले, तर बोलणे थांबवू नका. नवा आवाज कोणालाही ऐकल्याशिवाय येत नाही.

स्वाध्याय

1. ळ आणि ल सारखे का वाटतात?
2. सरावासाठी अनेकांचे आवाज ऐकावेत, हे कोणत्या प्रयोगावरून कळते?
3. काल-काळ, गाल-गाळ, मन-मण या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा आणि ती वाक्ये मित्राला ऐकवून लिहायला सांगा.