थांबलेल्या काळाचे नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये विझार्ड नवव्या लेव्हलच्या स्पेलपर्यंत पोहोचला की टाइम स्टॉपवरून टेबलावर वाद ठरलेला. पाचव्या आवृत्तीतला हा स्पेल मी आमच्या गटासाठी नव्याने लिहून काढला. त्यातून शिकलेल्या या गोष्टी.

१. आधी वाद नेमका कुठे अडतो ते पाहा.
मूळ स्पेलमध्ये विझार्डला एक चार बाजूंचा फासा अधिक १, म्हणजे २ ते ५ टर्न सलग मिळतात आणि इतरांचा काळ थांबतो. त्या टर्नमध्ये केलेल्या कशाचाही दुसऱ्या कुणावर, किंवा त्याच्या अंगावरच्या वा हातातल्या वस्तूवर परिणाम झाला, की स्पेल संपतो. आता ओगरच्या पायाशी तेल ओतलं तर? त्याच्यापुढे भिंत उभी केली तर? डिलेड ब्लास्ट फायरबॉलचा मणी शेजारी सोडून ठेवला तर? प्रत्येक खेळाडूचं उत्तर वेगळं, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य असतं! मी असं लिहिलं: ‘या टर्नमध्ये दुसऱ्या कुणाचे हिट पॉइंट, जागा किंवा अवस्था बदलली, किंवा त्याला सेव्हिंग थ्रो करावा लागला, तर स्पेल तिथेच संपतो. काळ पुन्हा सुरू झाल्यावर जे घडेल, ते यात मोजायचं नाही.’ तेल चालतं. मणी न फुटता राहिला तर चालतो. भिंत ओगरच्या अंगावरून गेली, तर काळ सुरू.

२. काळ टर्नमध्ये मोजा.
‘काळ थांबतो’ हे ऐकायला भारी वाटतं, पण खेळता येतात फक्त टर्न. एक राउंड सुमारे ६ सेकंदांचा. मग विझार्डने स्वतःवर आधीच टाकलेल्या मिनिटभराच्या स्पेलचं काय? आणि फायटरच्या अंगात भिनत चाललेल्या विषाचं? विझार्डची मुदत दर टर्नला ६ सेकंदांनी घटते, इतरांची घटत नाही. एवढं एक वाक्य घातलं आणि निम्मे प्रश्न मिटले.

३. जुन्या आवृत्त्या वाचा.
काळाशी खेळणारे स्पेल कुठे बिघडतात, हे हेस्ट या वेग वाढवणाऱ्या स्पेलने सगळ्यांना दाखवलंय. पहिल्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत हेस्टने माणसाचं वय एका वर्षाने वाढायचं. वेगाची किंमत थेट आयुष्यातून. मला ती कल्पना आजही फार आवडते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हेस्टने जादा अ‍ॅक्शन दिली आणि विझार्ड एका राउंडमध्ये दोन स्पेल टाकू लागले. बाकीच्यांनी बघत बसायचं. २००३ च्या सुधारित नियमांत ती अ‍ॅक्शन गेली, एक जादा हल्ला तेवढा उरला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जादा अ‍ॅक्शन परत आली, पण काय करता येईल याची मोजकी यादी घेऊन. त्या यादीत स्पेल टाकणं नाही. शिवाय हेस्ट संपल्यावर एक टर्न हलता येत नाही, काही करताही येत नाही. जादा वेळ देताना त्या वेळात काय करता येणार नाही हे लिहायलाच हवं. ही शिकवण मला तिथून मिळाली.

४. कारण कळल्याशिवाय अट काढू नका.
१००० फुटांपलीकडे गेलं की टाइम स्टॉप संपतो. अट किरकोळ वाटते. पण ती काढली, तर विझार्ड टेलिपोर्ट करून दुसऱ्या शहरात जाईल, हवं ते काम उरकेल, आणि इथे लढाईत कुणाची पापणीही लवलेली नसेल. ती मी जशीच्या तशी ठेवली.

५. मजकूर नवख्याच्या हातात द्या.
तुम्ही समजवायला जाऊ नका. त्याने वाचावं, फासा टाकावा, टर्न खेळावेत. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, ते वाक्य बदला. आमच्याकडे असा एक मुलगा ‘फासा कधी टाकायचा?’ इथेच थांबला. म्हणून आता पहिलंच वाक्य आहे: ‘स्पेल टाकताच फासा सगळ्यांसमोर टाका आणि आकडा मोठ्याने सांगा.’