पाणी, प्लॅस्टिक आणि माती

पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक असते. त्याची लवचिक नळी किंवा रेनकोट करावयाचा झाल्यास त्यात एखादे तेलकट, मार्दव आणणारे द्रव्य मिसळावे लागते. थॅलेटे हा अशा द्रव्यांचा प्रमुख वर्ग होय. ही द्रव्ये प्लॅस्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. त्यांच्या साखळ्यांमध्ये ती नुसती वस्तीला असतात, आणि म्हणूनच हळूहळू बाहेर पडून पाण्यात पोचतात. (पाण्याच्या पातळ बाटल्या पीईटी या निराळ्या प्लॅस्टिकच्या असतात व त्यांना या द्रव्यांची गरज नसते, ही गल्लत नेहमी होते.) उंदरांवरील प्रयोगांत डीईएचपी या थॅलेटाचे नरांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर दुष्परिणाम आढळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील त्याची मर्यादा दर लिटरला ८ मायक्रोग्रॅम सुचविली आहे. पाणी उकळणे हा यावरील उपाय नव्हे, कारण हे द्रव्य सहजी उडून जात नाही.

पृष्ठभागावर रेणू चिकटवून घेण्याच्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. त्यासाठी सक्रियित कोळसा सर्वत्र वापरला जातो. पण काही खनिजे त्याहून स्वस्त पडण्याजोगी आहेत. कच्छ व बाडमेर येथे बेंटोनाइट माती मिळते, तर पुणे-नाशिक परिसरातील बेसाल्टाच्या पोकळ्यांत झिओलाइटे सापडतात. अडचण अशी की, या मातीला पाण्याचाच लोभ अधिक. तिचे थर ऋणभारित असून त्यांमध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे आयन बसलेले असतात. ते पाणी ओढून घेतात आणि तेलकट थॅलेटाला तेथे थारा मिळत नाही. म्हणून या आयनांच्या जागी लांब कार्बनी शेपटीचे अमोनियम आयन बसवितात. शेपट्यांनी थरांमधील जागा जणू तेलकट होते, आणि पाण्याशी फटकून वागणारे थॅलेट तेथे आपण होऊन आश्रय घेते. झिओलाइटाची छिद्रे मात्र इतकी अरुंद असतात की, डीईएचपीचा अवजड रेणू आत शिरत नाही. तेथे केवळ बाहेरील पृष्ठभागच उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात मिळालेल्या यशावर फार भिस्त ठेवू नये. नदीच्या पाण्यातील कुजकट सेंद्रिय द्रव्येही तीच जागा अडवितात. शिवाय बसविलेले अमोनियम आयन सुटून पाण्यात उतरत नाहीत ना, हे तपासावेच लागते. तेही काही निरुपद्रवी नव्हेत. आणि भरून गेलेली माती बागेत टाकता येत नाही, कारण थॅलेट तिच्यात नष्ट झालेले नसते, केवळ साठलेले असते.