नव्या विमानाचे पहिले उड्डाण

समजा, तुमच्या भावाने जुने सुटे भाग जोडून घरीच एक सायकल तयार केली. ती घेऊन तुम्ही थेट तुळजापूरच्या घाटात उताराला लागाल का? नाही. आधी धाराशिवच्या एखाद्या मैदानात ती हळूहळू चालवून पाहाल. ब्रेक लागतात का, हँडल सरळ राहते का, हे तपासाल. सायकल बिघडली, तर पाय टेकता येतो. आकाशात मात्र पाय टेकायला जागा नसते!

आपल्या महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने घरीच विमान बांधले. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचे विमान तयार केले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पण विमान तयार झाले म्हणून लगेच उडवता येत नाही. २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. २०१९ साली चाचणीची परवानगी मिळाली. २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली.

तुम्ही विचाराल, "अनुभवी वैमानिकाला कसली भीती?" प्रत्येक विमानाचा स्वभाव वेगळा असतो. कारखान्यात बनलेल्या विमानाची माहिती पुस्तकात मिळते. घरी बांधलेल्या नव्या विमानाचा स्वभाव चाचणीतूनच कळतो. वेग फार कमी झाला, तर पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत. वजन शेपटीकडे जास्त झाले, तर विमान आवरत नाही. इंधनाच्या नळीत कचरा अडकला, तर इंजिन बंद पडते.

अमेरिकेतील राइट बंधूंनाही हा अनुभव आला. ग्लायडरवर त्यांनी शेकडो वेळा सराव केला होता. तरीही १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बरने नव्या विमानाचे नाक जास्त वर उचलले. काही क्षणांतच विमान वाळूवर आदळले. त्यांनी ते दुरुस्त केले. १७ डिसेंबरला ऑर्व्हिलने १२ सेकंदांचे उड्डाण केले.

म्हणून शहाणा वैमानिक पायरी पायरीने जातो. तो प्रत्येक बोल्ट तपासतो. विमानाचे वजन करतो. आधी ते जमिनीवर हळू, मग वेगाने पळवतो. पहिल्या उड्डाणात प्रवासी घेत नाही. वारा शांत असेल तेव्हाच निघतो आणि धावपट्टीच्या जवळच राहतो. मनात जराही शंका आली, तर उड्डाण थांबवतो. लोक जमले आहेत, ते हसतील, असा विचार तो करत नाही.

मित्रांनो, उडायला धाडस लागते. पण वेळेवर थांबायलाही धाडस लागते.

शब्दार्थ
उड्डाण – परवाज
धाडस – हिंमत
परवानगी – इजाजत
चाचणी – आजमाइश
शंका – शक

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) कॅप्टन यादव यांनी विमान कोठे तयार केले?
(आ) ऑर्व्हिलचे उड्डाण किती सेकंदांचे होते?
२. कारण लिहा.
अनुभवी वैमानिकालाही नव्या विमानाची चाचणी घ्यावी लागते.
३. 'थांबायलाही धाडस लागते' याचे एक उदाहरण तुमच्या शब्दांत सांगा.