आधी टाकी, मग कार्बोरेटर

भाचेराव, ताईचा फोन आला होता. तुझी स्प्लेंडर दारव्हा रोडवर पाच-सात किलोमीटर नीट पळते, मग आचके देत बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा निघते. अन् कार्बोरेटर साफ करून आणला तरी आठवड्यात परत तेच रडगाणं. मेकॅनिकला शिव्या घालू नकोस, तू हातात देतोस तेवढंच तो साफ करतो. गाडी जुनी, त्यात दोन पावसाळे गोठ्यात उभी. तिच्या पोटात काय साचलंय हे कुणी पाहिलं का? आता वही काढ अन् लिहून घे.

१. कचरा वरून खाली येतो, म्हणून शोधही वरूनच घ्यायचा: झाकण, टाकी, कॉक, पाइप, फिल्टर, अन् शेवटी कार्बोरेटर — विहीर गढूळ असली तर बादली घासून पाणी नितळत नाही.

२. टाकीत डोकावायचं ते दिवसा, टॉर्चनं. काडी ओढून नाही — हसतोस काय, 'जरा पाहतो' म्हणून काडी ओढणारे शहाणे अजून संपले नाहीत.

३. इंजिन थंड झालं की कार्बोरेटरकडचा पाइप काढ, काचेच्या बाटलीत सोड अन् कॉक उघड. धार अखंड पडली तर दोष खाली, जेटमध्ये. पहिल्यापासूनच बारीक पडली तर कॉकच्या जाळीत — दोन मिनिटांत निम्मं निदान, तेही फुकट.

४. धार आधी चांगली अन् मग थेंबाथेंबावर आली, तर टाकीचं झाकण उघडून पाहा. उघडताच धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय; आपल्या काळ्या मातीची धूळ अन् पाणी मिळून तिथं गच्च बूच होतं — पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून हवा यायला नको? तुझी गाडी थांबून पुन्हा निघते, म्हणून मला या भोकाचा पहिला संशय आहे. पण टाकी तपासल्याशिवाय राहू नकोस, दोन्ही रोग एकत्रही असतात.

५. कार्बोरेटरच्या चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल पांढऱ्या बशीत घे अन् जरा वेळ तसंच ठेव. विटकरी भुकटी तळाशी बसली, बोटाला लाल डाग लागला तर गंज. गोल थेंब तळाशी लोळताना दिसले तर पाणी — पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो, पाणी पुरतं एक किलो, त्यामुळे पाणी नेहमी खालीच जाणार. (बशी ताईच्या नव्या सेटातली घेऊ नकोस.)

६. 'मेनवर चालते, रिझर्व्हवर लावली की बंद पडते' ही खूण विसरू नकोस — मेनची नळी टाकीत उंच असते, रिझर्व्ह तळाचं ओढतं, अन् गाळ असतो तळाशी.

७. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल, अन् इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटतात अन् तळाशी थर धरतात — म्हणून महिनोन्महिने उभी गाडी आणखी लवकर बिघडते. सगळं पाप मात्र त्याच्या माथी मारू नकोस. राजदूत अन् आरएक्स-१०० च्या टाक्या इथेनॉल येण्याआधीही गंजतच होत्या.

८. जेटच्या भोकात तार, टाचणी, सुई काहीही घालू नकोस, हवा मार — पितळेचं ते भोक मिलिमीटरहून बारीक. एकदा रुंद झालं की ॲव्हरेज गेलं ते गेलंच.

गंज सापडला, तर टाकी उतरवायची. अवघड काही नाही. सीट काढली की मागचा बोल्ट दिसतो. पाइप अन् काट्याची वायर सोडवायची अन् टाकी मागं ओढून उचलायची. घाई करायची नाही.

९. पेट्रोल उतरवताना पाइप तोंडानं ओढू नकोस, कॉकमधूनच सोड — घोट पोटात गेला तर त्रास, पण फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. चुकून गिळलंच, तर उलटी करायला लावायची नाही, सरळ दवाखाना.

१०. पेट्रोल धरायला फवारणीचा डबा, औषधाची बाटली, मापाचं झाकण, काही काही वापरायचं नाही — २०१७ च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली माणसं गेली. ती भांडी दुसऱ्या कामाला नकोतच.

११. गंज सुटायला लिंबूसत पुरे: लिटरभर गरम पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम. आधी कॉक अन् पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट काढ, भोकं बुचानं बंद कर, टाकी काठोकाठ भर अन् रात्रभर ठेव — अर्धी भरलीस तर वरचा गंज तसाच राहतो, अन् तोच पुढं खाली झडतो.

१२. संडास धुवायचं ॲसिड नको, कुणी कितीही सांगो — गंजाबरोबर पत्राही खातं, अन् धुतल्यावर तासाभरात टाकी पुन्हा लाल.

१३. जाड पापुद्रे असतील तर जुनी सायकलची चेन तारेला बांधून आत सोड अन् टाकी हलव. नट टाकलेस तर मोजून टाक, मोजून काढ. गिट्टी नको, तिची भुकटी उरते. वणी-राजूरकडचा चुनखडीचा खडा तर मुळीच नको — लिंबूसत गंज सोडून त्यालाच खात बसेल.

१४. कापसाच्या जिल्ह्यातला असलास तरी टाकीत कापसाचा बोळा फिरवू नकोस — एकेक तंतू जाऊन कॉकच्या जाळीला बिलगतो.

१५. लिंबूसत ओतून दिलं की खायच्या सोड्याचं पाणी फिरव, मग दोन-तीनदा साधं पाणी — आंबटपणा उरला तर गंज परत येतो.

१६. हे काम उन्हाळ्यातच काढ. यवतमाळचं ऊन एरवी नकोसं असतं, पण टाकी वाळवायला त्यासारखं दुसरं काही नाही. वाळताच पावशेर पेट्रोलात चमचाभर इंजिन ऑइल घालून आत सगळीकडं फिरव अन् काढून टाक — उघडा पडलेला पत्रा हवेतला ओलावा लगेच धरतो.

१७. साफ केल्यावर तळाच्या जोडावर बारीक भोकं उघडी पडली, तर तो गंजच इतके दिवस बूच होऊन बसला होता असं समज. रिकामी टाकी वेल्डिंगला मात्र नेऊन टेकवू नकोस — पेट्रोल गेलं तरी त्याची वाफ आत असते, अन् भडका वाफेचाच उडतो.

१८. पाइप अन् फिल्टर नवेच घाल, अन् फिल्टर कार्बोरेटरच्या मोटरसायकलचाच माग. बाण इंजिनकडं असू दे — पंपवाल्या गाडीचा जाड फिल्टर लावलास तर नुसत्या उतारानं येणारं पेट्रोल त्यातून धड उतरत नाही. पाइप इंजिनला टेकू नये, वर-खाली वळशात लोंबू नये.

१९. रात्री कॉक बंद करायची सवय लाव — गंजाचा कण फ्लोटच्या सुईखाली अडकला तर पेट्रोल रात्रभर गळतं, कधी इंजिन ऑइलमध्येही उतरतं. गंज चिमूटभर, ढकलणं कोसभर.

२०. पावसाळ्यात गाडी बांधावर उभी ठेवायची असेल तर टाकी बऱ्यापैकी भरलेली असू दे. टाकी रिकामी की गंज लागला कामी — रिकाम्या जागेतली हवा रात्री थंड होऊन पत्र्यावर पाणी सोडते. मे महिन्यात मात्र गळ्यापर्यंत भरू नकोस, पेट्रोल तापून फुगतं.

२१. झाकणाचं रबर दरसाल पाहा, अन् गाडी धुताना तिथं जोराचा फवारा मारू देऊ नकोस — रबर चिरलं की पाऊस थेट टाकीत.

२२. पहिले आठ दिवस यवतमाळातच फिरव, मग चेंबरचं पेट्रोल पुन्हा पाहून फिल्टर बदल — कितीही धुतलं तरी थोडी भुकटी मागाहून सुटतेच. लगेच पुसद-उमरखेडच्या वाटेला लागू नकोस.

२३. अन् ताईच्या नव्या स्कूटरला यातलं काहीही करायचं नाही! १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला अन् इंजेक्शन आलं. अशा बऱ्याच गाड्यांचा पंप टाकीतच बसवलेला असतो. तिला एवढंच सांग, काटा तळाला टेकेपर्यंत चालवू नकोस — त्या पंपाला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोलच.