भूशास्त्राचे शिक्षण आणि उपजीविकेच्या वाटा

बालाघाट जिल्ह्यातील कटंगीच्या परिसरात मँगनीजची खाण घरोघरी परिचित आहे. जवळच्या तिरोडी येथे, तसेच जिल्ह्यातील भरवेली व उकवा येथे हे खनिज निघते. या खाणी १९६२ साली स्थापन झालेल्या, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉयल या सार्वजनिक उपक्रमाच्या आहेत. मध्य भारतातील मँगनीजयुक्त खडकास फर्मोर या भूशास्त्रज्ञाने गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते जगभर रूढ झाले.

अशा परिसरात भूशास्त्र म्हणजे खाणीतील नोकरी, आणि खाणीत जागा न मिळाल्यास पदवी वाया गेली, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु या समजामुळे होतकरू विद्यार्थ्याचे नुकसान होते.

हा विद्यार्थी प्रत्यक्षात काय शिकतो? होकायंत्राने थरांची दिशा व उतार मोजणे, नमुना कोठे सापडला याची अचूक नोंद ठेवणे, नकाशा तयार करणे आणि पृष्ठभागावरील मोजक्या खुणांवरून खाली काय असेल याचे अनुमान बांधणे. ही कौशल्ये खाणीपुरती मर्यादित नाहीत.

पाण्याचे उदाहरण घ्यावे. कठीण खडकात भूजल मुख्यत्वे वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते. भेगांचा माग काढू शकणारा विहिरीची योग्य जागा सुचवू शकतो. धरणाच्या पायाखाली मात्र तीच भेग गळतीचे कारण ठरते. म्हणून धरण, बोगदा व पूल यांच्या कामीही भूशास्त्रज्ञाचा सल्ला आवश्यक असतो.

पदव्युत्तर शिक्षणानंतर संघ लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेद्वारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळ येथे प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कार्यरत आहे. अध्यापन व उपग्रह छायाचित्रांवरून नकाशे बनविणे हीदेखील क्षेत्रे खुली आहेत.

शिक्षकांनी याचा आरंभ शाळेतच करावा. विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरींचा नकाशा काढून घ्यावा आणि वैशाखात व पावसाळ्यानंतर पाण्याची खोली मोजवून तक्ता ठेवावा. खाणीतील खनिज कधी तरी संपते. मोजण्याची, नोंदण्याची व अनुमानाची सवय मात्र आयुष्यभर उपयोगी पडते.