धम्मपाठ : शिकविणाऱ्याचे शील



चुल्लपंथक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक याने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्याला जवळ केले, स्वच्छ वस्त्र दिले व चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळले, अनित्यता उमगली. तो अर्हत झाला, असे अट्ठकथा सांगते.

शिष्य तोच, शिकविणाऱ्याची करुणा निराळी. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेल्या बाबासाहेबांनी विद्येबरोबर शील व करुणेचा आग्रह धरला, तो उगीच नव्हे.

म्हणून पंचशील शिकविताना कोणी पालीत अडखळला, तर हसू नका, 'ढ' म्हणू नका. आणि आधी स्वतः पाळा. मद्य पिणाऱ्याला पाचवे शील शिकविता येत नाही.

जय भीम!